अंगणातले किडे, पेटीतली पाल

उन्हाळा लागला की हा प्रश्न येतोच. दवाखान्याच्या फोनवर येतो, मराठी मंडळाच्या सहलीत जेवणाच्या रांगेत येतो, आणि विचारणारं बहुतेक वेळा दहा-बारा वर्षांचं पोर असतं. "काकू, आमच्या मागच्या अंगणात एवढे किडे आहेत. माझ्या गेकोला घातले तर चालतील?" गेको म्हणजे घरात पाळलेली पाल. मागे उभ्या असलेल्या आईच्या मनातही तेच असतं, पण ती हिशेबाच्या बाजूने विचार करत असते. दुकानातून दर आठवड्याला डबाभर रातकिडे विकत आणायचे, आणि इकडे दारात नाकतोडे फुकट उड्या मारतायत.

मी पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला राहते आणि प्राण्यांच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. कुत्री-मांजरं असतातच, शिवाय पोपट, कासवं, सरडे, पाली यांच्या विष्ठेचे नमुनेही माझ्या टेबलावर येतात. पालींमध्ये लेपर्ड गेको सगळ्यात जास्त. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, चरबी साठवलेली जाडजूड शेपटी, आणि डोळ्यांना चक्क पापण्या. बहुतेक पालींना पापण्या नसतात, त्या जिभेने डोळे पुसतात. ही मात्र सावकाश डोळे मिटते, आणि मिटताना हसल्यासारखी दिसते. पोरं तिथेच विरघळतात. नीट सांभाळली तर ती पंधरा-वीस वर्षं जगते, म्हणजे चौथीत हट्टाने आणलेली पाल मुलाचं कॉलेज होईपर्यंत घरात असते.

माझं उत्तर "नको" असं आहे. पण एवढ्याशा मुलाला नुसतं "नको" सांगून भागत नाही, भागू नये. त्याला आपल्या जनावराला काहीतरी ताजं, वेगळं खाऊ घालायचं असतं. ती इच्छा चांगलीच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काजव्यांपासून सुरुवात करते, कारण तिथे चुकीला जागाच नाही.

जूनमध्ये इथे दिवस मावळला की हिरवळीवरून काजवे उठतात. गुडघ्याएवढ्या उंचीवर तरंगतात आणि दर लुकलुकीला वर वळणारी पिवळी रेघ ओढतात. माझं माहेर संगमनेरचं, आजोळ अकोले तालुक्यातलं. भंडारदरा, पुरुषवाडी या पट्ट्यात पावसाच्या तोंडावर झाडंच्या झाडं काजव्यांनी पेटतात. आता तर ते बघायला पुण्या-मुंबईहून गाड्यांच्या रांगा लागतात. काजव्याबद्दल लहानपणापासून माया सोडून मनात दुसरं काही नव्हतं. पेनसिल्व्हेनियाचा राज्यकीटकही १९७४ पासून काजवाच आहे. बरणीत काजवे धरणं हा इथल्या पोरांचा पिढ्यान् पिढ्यांचा खेळ, आणि त्याच पोरांच्या खोलीत आता सरड्यांच्या काचेच्या पेट्या असतात.

इथल्या हिरवळीवरचा तो काजवा फोटायनस प्रजातीतला. त्याच्या अंगात ल्युसिब्युफॅजिन नावाची द्रव्यं असतात. कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस आइस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ती वेगळी करून दाखवली. भेकाच्या कातडीतल्या विषाच्याच जातकुळीची ही द्रव्यं. आपल्याकडे कण्हेरीचं विष जसं हृदयाला धरतं, तसंच यांचंही काम चालतं. पुढे १९९९ मध्ये आइस्नर यांच्याच गटाने एक निबंध लिहिला, तो पाळीव सरड्यांच्या मृत्यूंबद्दल होता. दाढीवाला ड्रॅगन नावाचा ऑस्ट्रेलियातला सरडा इथे घरोघर पाळतात. अशा ड्रॅगनांनी काजवे खाल्ले आणि ते मेले. आधी डोकं झटकणं, मग तोंड सारखं उघडत राहणं, ओकारीसारखे झटके, अंग काळपट पडणं, आणि काही तासांत खेळ संपला. एवढ्या मोठ्या सरड्याला मारायला एक काजवाही पुरू शकतो.

त्या निबंधातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट विषाच्या पलीकडची आहे. काजव्यांच्या शेजारी वाढलेले प्राणी त्यांना तोंड लावत नाहीत, लावलंच तर थुंकून देतात. हजारो पिढ्यांची ओळख असते ती. ऑस्ट्रेलियातल्या सरड्याच्या पूर्वजांना अमेरिकेतला काजवा कधी भेटलाच नव्हता. हलणारी, बेताच्या आकाराची वस्तू म्हणजे खाऊ, एवढंच त्याला ठाऊक.

लेपर्ड गेकोचंही तेच. त्याचं मूळ घर अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य टोकाचा कोरडा, खडकाळ मुलूख. एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं ते पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतल्या नमुन्यांवरून. आपल्या महाराष्ट्रातही तिची सख्खी बहीण रानात राहते, आणि २०१४ मध्ये सातपुड्यातून आणखी एका जातीची नोंद झाली. त्या तिथे रात्री दगडांच्या फटींतून बाहेर पडतात, तिथलेच किडे खातात आणि जगतात. त्यांनी तिथेच राहावं, त्यांना कुणी पकडून घरी आणू नये, हे जाता जाता सांगून ठेवते. पण त्यांचं जगणं बघून "निसर्गात तर सगळं खातातच की" असं म्हणायचं असेल, तर निसर्ग कुठला, हे आधी विचारावं लागतं. मिठाच्या डोंगरातल्या पालीला पेनसिल्व्हेनियाचं अंगण म्हणजे परका मुलूखच.

त्या अंगणात सध्या कोण कोण आहे बघा. २०१४ मध्ये आमच्या जवळच्या बर्क्स काउंटीत स्पॉटेड लँटर्नफ्लाय नावाचा आशियातून आलेला किडा पहिल्यांदा सापडला. राखाडी पंखांवर काळे ठिपके, उडाला की आतले लाल पंख दिसतात. दोन-चार वर्षांत त्याने द्राक्षमळ्यांना जेरीस आणलं. दिसला की चिरडा, असं राज्याच्या कृषिखात्यानेच लोकांना सांगितलं. पोरांनी ते फार मनावर घेतलं, शाळेच्या मैदानावर चिरडण्याच्या शर्यती लागल्या. मग एखादं हुशार पोर विचारतं, चिरडण्यापेक्षा गेकोला का नाही घालायचे? विचार चांगला आहे, पण या किड्याचं आवडतं झाड म्हणजे आपल्या महारुखाचा चिनी भाऊबंद. त्याच्या रसातली कडूजहर द्रव्यं हा किडा स्वतःच्या अंगात साठवतो. शिवाय याच झाडांना लोक डिनोटेफ्युरान नावाचं कीटकनाशक पाजतात. हे औषध झाडाच्या रसात उतरतं आणि रस पिणारा किडा त्याने मरतो. पण तो तत्क्षणी मरत नाही. आधी मंदावतो, खोडावरून खाली पडतो, जमिनीवर पाय हलवत राहतो. पोराच्या हाती लागतो तो बहुतेक वेळा असा.

या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण तो मला प्रयोगशाळेत यायच्या कितीतरी आधी कळला होता.

आजोळी टोमॅटोची शेती. मामा पाठीवर पंप घेऊन फवारणीला निघाला की आजीचं पहिलं काम असायचं कोंबड्या डालग्याखाली झाकणं. एरवी दिवसभर बांधावर मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्या त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही आतच. आम्ही पोरं विचारायचो, त्या थोड्याच टोमॅटोची पानं खाणार आहेत? आजी म्हणायची, "पानं नाही खायच्या रे, किडं खातील. मरायला टेकलेला किडा कोंबडीला पळायला लावत नाही, ती आधी तोच उचलते." फवारणीनंतर बांधावर नाकतोडे खरोखरच तसे दिसायचे. मागचे पाय फाकलेले, उडी मारायला जावं तर कुशीवर कलंडायचे, मिशा थरथरत असायच्या. एरवी ओंजळ टाकेपर्यंत हातावर तुरी देणारा नाकतोडा त्या दिवशी दोन बोटांत अलगद यायचा.

इथे पाठीवर पंप घेतलेला मामा दिसत नाही, एवढाच फरक. हिरवळीवर औषध मारून गेलेली कंपनी एक छोटी झेंडी रोवून जाते, ती वाऱ्याने पडते. मुंग्या घरात येऊ नयेत म्हणून घराच्या पायाच्या कडेने पायरेथ्रॉइड कीटकनाशकाचा पट्टा मारतात. डासांसाठी झुडपांवर धुरळणी करणारे उन्हाळ्यात दर काही आठवड्यांनी येतात. आपण काही मारत नाही असं म्हणणाऱ्या घराच्या दोन्ही बाजूंना मारणारे असतात, आणि रातकिडा कुंपण बघून वळत नाही. म्हणून मी मुलांना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला सांगते. जो किडा सहज हाती आला, त्याच्यावरच आधी संशय घ्या.

विषारी किडा खाल्ला की पाल लगेच मरेल, असंही नाही. पन्नास-साठ ग्रॅमचं जनावर ते. थोडं थोडं पोटात जात राहिलं की ती खाणं सोडते, थरथरते, डोकं वाकडं करते, आणि आम्हाला कारण शोधत बसावं लागतं. माडागास्करमध्ये नव्वदच्या दशकाच्या शेवटी टोळधाडीवर फिप्रोनिल हे कीटकनाशक फवारलं, तेव्हा आधी वाळवी मेली आणि मग वाळवीवर जगणारे सरडे कमी झाले. तिथे सरड्यांचं खाणंच मारलं गेलं. विष अन्नसाखळीत शिरलं की ते कुठल्या वाटेने कोणाला गाठेल, हे फवारणाऱ्याच्या हातात राहत नाही.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. पालीच्या विष्ठेचा वाटाण्याएवढा तुकडा येतो, टोकाला युरेटचा, म्हणजे घट्ट झालेल्या लघवीचा, पांढरा खडा असलेला. तो दाट द्रावणात कालवायचा, गाळायचा, नळी काठोकाठ भरायची आणि तोंडावर काचेची पातळ चकती ठेवायची. जंतांची अंडी हलकी, ती तरंगत वर येऊन चकतीला चिकटतात. दहा-पंधरा मिनिटांनी चकती उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की दिसतात. पिनवर्म या जंताचं अंडं एका बाजूने किंचित चपटं, पातळ कवचाचं, आत कधी कधी गुंडाळी करून बसलेली अळीसुद्धा स्पष्ट दिसते. दोन-चार दिसली तर डॉक्टर फार काळजी करत नाहीत. नजर फिरवावी तिकडे अंडीच अंडी दिसली की मी पहिला प्रश्न विचारते, पेटी कधी साफ केली होती?

लोक भारतातल्या घरातल्या पालीचं उदाहरण देतात, त्याचं उत्तर इथे आहे. ट्यूबलाइटभोवती येईल तो पतंग ती गिळते, पहिल्या पावसात उडणारे पंखवाले किडे तर अधाशासारखी खाते, आणि तरी धडधाकट दिसते. पण तिला तपासतं कोण? घरपालींच्या फुप्फुसांत रायलिएटिएला नावाचे परजीवी सापडतात, आणि ते तिथे पोचतात झुरळांमार्फत. फायसालोप्टेरा नावाचा जंत रातकिडे, झुरळं, भुंगे यांच्या अंगात दबा धरून असतो आणि खाणाऱ्याच्या जठराला चिकटतो. भिंतीवरची पाल हे सगळं अंगावर घेऊन जगते, कारण ती एका जागी विष्ठा टाकून दुसरीकडे जाते, नकोसं वाटलं तर सोडून देते. ज्या मेल्या त्या आपल्याला दिसत नाहीत. काचेच्या पेटीत मात्र जे आत आलं ते आतच फिरत राहतं. सुटलेला रातकिडा विष्ठेवर बसतो, तीच खातो, आणि रात्री पाल त्याला खाते. रानात हलकी राहणारी लागण पेटीत आठवड्याआठवड्याने दाट होत जाते.

क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या जंतूबद्दल तर बोलतानाही मला त्रास होतो. पाल खाते, पण अंगी लागत नाही. चरबीने भरलेली शेपटी महिन्याभरात काडीसारखी होते. विष्ठेचा नमुना रंगवलेल्या काचेवर लालसर गुलाबी टिंबं दिसतात, अगदी बारीक. खात्रीचा इलाज नाही. हा जंतू विष्ठेतून पसरतो आणि किडे तो पायांवर, पोटात घेऊन हिंडतात. असा अहवाल लिहिताना समोरच्या खोलीत पोर बसलेलं असतं, हे मला ठाऊक असतं.

विकतचे किडे म्हणजे सोवळ्यातले, असंही मी म्हणणार नाही. रातकिड्यांचे कारखाने दाटीवाटीचे असतात. २०१० च्या सुमाराला अमेरिकेत डेन्सोव्हायरसने पाळीव रातकिड्यांच्या जातीत एवढी मर पडली की कारखाने ओस पडले आणि दुसऱ्या जाती पाळाव्या लागल्या. त्या विषाणूने पालींना काही झालं नाही, पण पाळलेला किडा म्हणजे निरोगी किडा हा समज गेला. दुसरी उणीव चुन्याची. रातकिड्यात कॅल्शियमच्या सातपट फॉस्फरस असतो, आणि पालीला हवं याच्या उलट, कॅल्शियम जास्त. नुसत्या रातकिड्यांवर वाढवलेल्या पिल्लाचा जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात. म्हणून किडे पालीला घालायच्या आधी एक-दोन दिवस त्यांना पालेभाजी, गाजर खाऊ घालायचं आणि मग कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचं. ही कटकट टाळायला लोक अंगणाकडे वळतात, पण अंगणातला नाकतोडाही चुन्याच्या बाबतीत फार श्रीमंत नसतो. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या तेवढ्या अपवाद, त्यांच्यात मुळातच कॅल्शियम भरपूर. त्या विकत मिळतात, आणि माझ्या मते महिन्यातून काही वेळा त्या द्याव्यातच.

मग निसर्गातलं काहीच नको? एका मैत्रिणीच्या मुलीने मला हे फार पोटतिडकीने विचारलं होतं. तिच्या जिलबीला, म्हणजे तिच्या गेकोला, रोज तेच तेच खावं लागतं याचं तिला वाईट वाटत होतं. अंगणात कुजक्या ओंडक्याखाली राखाडी, चिलखती किडे सापडतात, हात लावला की काही जण गोळी होतात. इथे पोरं त्यांना रोलीपोली म्हणतात. तिला ते हवे होते. मी तिला सांगितलं, पकडलेले नाही घालायचे, पकडलेल्यांची पिल्लं घालू.

झाकणाला भोकं पाडलेला डबा घेतला. दुकानातून आणलेली नारळाच्या काथ्याची ओलसर माती, ओव्हनमध्ये तापवून घेतलेली ओकची वाळकी पानं, एका कोपऱ्यात समुद्रफेनाचा तुकडा. त्यात ओंडक्याखालचे काही किडे सोडले. महिना-दीड महिन्याने तिने एक मादी उलटी करून भिंगाखाली धरली. पोटाच्या खाली पारदर्शक पिशवी आणि तिच्यात दाटीने पांढरे ठिपके. पुढच्या आठवड्यात ठिपके डबाभर चालत होते. पिल्लं दिसू लागल्यावर मोठे किडे उचलून जिथले तिथे सोडून दिले, पिल्लांना नव्या मातीत हलवलं, आणि पहिल्या डब्यातली माती टाकून दिली. जंतांच्या अळ्या आईच्या अंगातून पिल्लांत सहसा उतरत नाहीत, त्यांना लागण बाहेरच्या विष्ठेतून होते. ती वाट बंद केली. औषधाचा अंशही एका पिढीने, स्वच्छ मातीने आणि स्वच्छ खाण्याने जवळपास निघून जातो. शिवाय या किड्यांच्या कवचातच चुना असतो. जिलबीने पहिला किडा बघितला, शेपटीचं टोक थरथरवलं, मान तिरकी केली आणि झडप घातली. कवच फुटल्याचा बारीक आवाज आला. मुलगी नाचली. याला दोन-तीन महिने लागले, आणि तेवढा धीर पोरांकडे असतो, फक्त कुणीतरी सोबत बसावं लागतं.

पकडलेला किडा दोन दिवस उपाशी ठेवून मग घातला तर चालतं, असं बरेच जण मानतात. त्याने किड्याचं आतडं रिकामं होतं, एवढंच. स्नायूत बसलेली जंताची अळी तिथेच राहते, अंगातलं विषही राहतं.

पुण्या-मुंबईत लेपर्ड गेको पाळणाऱ्यांना एकच कळकळीची सूचना. स्वयंपाकघरातलं झुरळ कधीही घालू नका. सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाले जे जेल ओट्याखाली, बिजागरीत ठिपक्या-ठिपक्यांनी लावून जातात, ते झुरळाने खाऊन बिळात जावं आणि तिथे इतरांनाही मारावं याच हेतूने केलेलं असतं. दिवसाउजेडी फरशीवर भेलकांडणारं झुरळ दिसलं तर ते जेल खाऊन आलंय असंच धरून चाला. बाजरीच्या कणसांवर बसणारे हिंगे, रुईच्या पानांवरच्या पट्टेरी अळ्या, केसाळ सुरवंट, भडक लाल-काळ्या रंगाचे ढेकूणवर्गीय किडे, हे तर अंगातच विष किंवा खाज घेऊन फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊच नका.

आणि एवढं करूनही पालीने काजवा किंवा अनोळखी किडा गिळलाच, तर काय होतंय ते बघत बसू नका. लक्षणं दिसेपर्यंत थांबलं की हातातला वेळ गेलेला असतो. ओकारी काढायचा प्रयत्न करू नका, तोंडात पाणी ओतू नका. सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांना लगेच फोन करा, किती वाजता खाल्लं ते लिहून ठेवा, आणि किड्याचा पंख किंवा पाय उरला असेल तर तो छोट्या पिशवीत घालून सोबत आणा. फोटोपेक्षा त्यावरून किडा लवकर ओळखता येतो.